ढोल काढला की पाय थांबतात: खान्देशातल्या एका डब-सेटचं प्रकरण

पार्श्वभूमी

खान्देशात ‘डीजे’ म्हटलं की आधी गाडी डोळ्यांसमोर येते, मग माणूस. आयशर ट्रकवर रचलेले बेस (खालच्या सुरांचे स्पीकर), त्यावर टॉप (वरच्या सुरांचे), मागे घरघरणारा जनरेटर आणि पुढे हळदीला नाचणारं गाव. या प्रकरणातला तरुण अशाच गाडीवर शिकला. जळगाव जिल्ह्यातला, वय 29. लग्नसराईत गाडी सांभाळायची आणि उरलेले महिने घरच्या खोलीत स्वतःचं संगीत करायचं, असा त्याचा शिरस्ता. पुढे त्याला ‘निर्माता’ म्हटलं आहे.

त्याचा ओढा डब या जमैकन संगीतप्रकाराकडे. जमैकात किंग्स्टनला 1970 च्या आगेमागे गाण्याच्या तबकडीच्या दुसऱ्या बाजूला त्याच गाण्याचं गायकाविना रूप छापायची चाल पडली. त्याला ‘व्हर्जन’ म्हणत. किंग टबी मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा आणि स्वतःची साउंड सिस्टिम चालवणारा माणूस. (आपल्याकडेही बंद पडलेला अँप रात्रीतून चालू करणारे मिस्त्रीच पुढे चांगले ऑपरेटर होतात, त्यामुळे यात नवल वाटायला नको.) त्याने व्हर्जन वाजवताना मिक्सरच वाद्यासारखा वापरला. गिटार मध्येच गायब करायची, गायकाचा एखादा शब्द इकोत फेकायचा, हाय-पास फिल्टर फिरवून खालचा सूर कापायचा, तर कधी नुसते ड्रम-बेस उघडे ठेवायचे. जमैकाच्याच ली पेरी या संगीतकाराने 1973 मध्ये ब्लॅक आर्क स्टुडिओ उभारून याच कामाला आणखी विचित्र वळण दिलं. थोडक्यात, डब हे वजाबाकीचं काम आहे. काय भरलंय यापेक्षा काय काढलंय यावर ते उभं राहतं.

निर्मात्याच्या सेटमध्ये, म्हणजे सलग वाजवायच्या मांडणीत, डबचा बेस आणि इको होता, सिंथेसायझरचे (सिंथचे) थर होते, कोलंबियाचा कुंबिया आणि नायजेरियाचा आफ्रोबीट यांचे ठेके होते. मध्यभागी सातपुड्यातली पावरी आणि ढोल. सुक्या भोपळ्याला बांबूच्या नळ्या बसवलेली पावरी आणि मोठा ढोल त्याने अक्कलकुवा-धडगाव भागात होळीच्या रात्री हातातल्या रेकॉर्डरवर घेतले होते. कमरेला घुंगरं बांधून नाचणाऱ्यांचे आवाजही त्यात आले. सर्वांत चांगला तुकडा सात मिनिटांचा निघाला.

त्यातून 45 मिनिटांचा सेट तयार झाला. जानेवारीत धुळ्याच्या एका लॉन्सवर अडीचशे माणसांपुढे तो पहिल्यांदा वाजला. बाराव्या मिनिटाला निम्मे लोक जेवणाच्या पंगतीकडे वळले होते.

अडचण

साउंडवाल्या शेठने पाचव्या मिनिटालाच विचारलं होतं, “भो, बेस कोठे गया?” त्याच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता. त्याने ग्राफिक इक्वलायझरवर, म्हणजे सुरांचे पट्टे कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर, 63 आणि 80 हर्ट्झच्या (सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) पट्ट्या वर ढकलल्या. गडगडाट वाढला, बेस काही आला नाही.

नाचणाऱ्यांची तक्रार निराळी होती. ढोल “अडखळत पळतोय” असं त्यांना वाटत होतं. नंदुरबारकडचे काही पाहुणे आले होते, त्यांना पावरी बेसूर वाटली. निर्मात्याला मात्र तिसरीच गोष्ट खटकली. सेटमध्ये तीन ठिकाणी त्याने ढोल पूर्ण काढून नुसता बेस आणि इको सोडला होता. डबमध्ये लोक ज्या क्षणाची वाट बघतात तो हाच. इथे तिन्ही वेळा लोक उभेच राहिले.

चौथी अडचण तीन दिवसांनी फोनवर आली. पावरी ज्यांची होती त्यांच्या पुतण्याने लॉन्सवरचा व्हिडिओ पाहिला होता. काकांना न विचारता त्यांची पावरी धुळ्यात कशी वाजली, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. पुढचा कार्यक्रम ठरायच्या आत या प्रश्नाचं उत्तर देणं भाग होतं.

तपासणीत काय सापडलं

बेस खरं तर गाडीतून बाहेर पडतच नव्हता. सेट पाश्चात्त्य ‘डी’ स्वरात होता आणि बेसची ओळ सर्वांत खालच्या डी वर, म्हणजे 36.7 हर्ट्झवर बसली होती. घरी हेडफोनवर तो सूर स्वच्छ ऐकू यायचा. भाड्याच्या डबल-अठरा खोक्यांची (एकेकात दोन अठरा-इंची स्पीकर) पोर्ट, म्हणजे हवा बाहेर सोडणारी वाट, 50 हर्ट्झच्या जवळपास लावलेली होती. पोर्टच्या सुराहून खालच्या सुराला खोकं धरून ठेवत नाही. कोन नुसता पुढे-मागे फडफडतो, अँप क्लिप होतो (ताकदीबाहेर जाऊन आवाज फाटतो), कॉइल तापते आणि बाहेर ऐकू येतो तो त्याच सुराच्या दुप्पट कंपनांचा चिखल. पट्ट्या वर ढकलून तो चिखलच वाढला.

शिवाय बेसच्या भिंती स्टेजच्या दोन टोकांना होत्या, 12 मीटर अंतरावर. उदाहरणार्थ, 54 हर्ट्झची एक लाट साधारण साडेसहा मीटर लांब असते. ज्या जागी दोन भिंतींपासूनच्या अंतरात सव्वातीन मीटरचा फरक पडतो, तिथे एका भिंतीची लाट दुसरीला खाते. स्टेजपासून 15 मीटरवर ही जागा मधल्या रेषेपासून दोन्हीकडे सुमारे साडेचार मीटरवर येते. लॉन्सवर नेमका तिथेच बहुतेक घोळका होता. शेठ उभा होता मिक्सरपाशी, मध्यरेषेवर, आणि तिथे तरी दोन्ही भिंती जुळत होत्या.

अडखळण्याचं मूळ घड्याळात होतं. होळीच्या रेकॉर्डिंगमध्ये ढोल मिनिटाला 104 ठोक्यांवर सुरू होऊन सातव्या मिनिटाला 113 वर पोचला होता. नाच चढला की ढोल चढतो, त्यात चूक काही नाही. निर्मात्याने तो सगळा ताणून 108 वर सपाट केला होता. प्रत्येक ठोक्यात तीन उपठोके होते आणि तिसरा उपठोका वादक 20 ते 25 मिलिसेकंद उशिरा टाकत होते. त्या उशिरामुळे पायाला खाली टेकायला वेळ मिळतो. संगणकाने तोही ओढून रेषेवर आणला.

वर इकोची वेळ चुकीची होती. चार मात्रांच्या सवयीने त्याने ठोक्याच्या पाऊण भागाचा इको लावला होता. 108 च्या गतीला एक ठोका 556 मिलिसेकंदांचा. त्याचा पाऊण भाग 417. पण या ठेक्यात उपठोके 185 आणि 370 वर पडतात. 417 च्या इकोच्या चारपैकी तीन पुनरावृत्ती दोन उपठोक्यांच्या फटीत पडत होत्या. सहा मात्रांच्या ठेक्याला इको लावायचा तर दोन उपठोक्यांचा, म्हणजे 370 चा लावावा. दोन ठोक्यांत त्याची तीन आवर्तनं होतात, आणि तीनला दोनची ही कुरघोडी कानाला गोड लागते.

पावरी बेसूर नव्हती. ती आपल्या जागी ठाम होती, सिंथच वर सरकलेले होते. पावरीचा डी मोजला तर तो ‘ए’ 440 हर्ट्झ धरण्याच्या नेहमीच्या हिशोबाने 35 सेंट खाली निघाला (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग).

पर्याय

फेब्रुवारीच्या अखेरीस शहाद्याकडे तापीकाठच्या एका मळ्यावर दुसरा कार्यक्रम करायचा असं मित्रमंडळींनी ठरवलं. हातात पाच आठवडे होते. चर्चा झाली ती मुख्यतः एका प्रश्नावर: घड्याळ कोणाचं चालवायचं?

पहिला पर्याय सगळ्यात सोपा. ढोलाचे दोन-चार मात्रांचे छोटे तुकडे कापून त्यांचे लूप करायचे आणि सगळं संगणकाच्या घड्याळावर बसवायचं. लग्नाच्या रिमिक्सचं काम असंच चालतं. खर्च शून्य. पण चढत जाणारी गती गेली, उशिरा पडणारा उपठोका गेला, मग उरलेला ढोल कुठल्याही सँपल पॅकमधला असता तरी चाललं असतं.

दुसरा पर्याय संगणकाला ढोलामागे चालवण्याचा. रेकॉर्डिंगच्या प्रत्येक मुख्य ठोक्यावर खूण लावून गतीचा नकाशा तयार करायचा, म्हणजे सिंथ आणि इको ढोलासोबत 104 वरून 113 वर जातील. सात मिनिटांत साडेसातशेच्या वर खुणा, हाताने तपासून दोन दिवसांचं काम. संगीत म्हणून हा मार्ग चांगला होता. पण रेकॉर्डिंग ते रेकॉर्डिंगच. समोरच्या लोकांकडे बघून ते वेग बदलत नाही. आणि परवानगीचा प्रश्न शिल्लकच राहतो.

तिसरा पर्याय वादकांनाच बोलवायचा. दोन ढोल, एक पावरी, एक घुंगरूवाला. निर्मात्याने फक्त बेस आणि मिक्सर हातात घ्यायचा. यात खर्च होता, माइकचे प्रश्न होते, आणि निर्मात्याला सर्वांत जास्त भीती होती ती घड्याळ पूर्णपणे हातातून सुटण्याची. लॅपटॉपवर वाढलेल्या माणसाला क्लिकशिवाय, म्हणजे कानात ताल देणाऱ्या टकटकीशिवाय, 40 मिनिटं काढणं म्हणजे पोहता न येता तापीत उतरण्यासारखं.

वादकांना हेडफोनमध्ये क्लिक देऊन पाहावं असंही एकाने सुचवलं. एका सरावात प्रयोग झाला. ढोलवादक दादांनी दोन मिनिटांत हेडफोन काढून ठेवला. “तुमचं यंत्र आम्हाला ओढतंय,” एवढं बोलून त्यांनी चहा मागवला.

निर्णय आणि कृती

तिसरा पर्याय ठरला. त्याआधी निर्माता पावरीवादक काकांच्या घरी जाऊन आला. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 38 खाली सादर करणाऱ्या कलाकाराला स्वतःचा वेगळा हक्क आहे आणि तो 50 वर्षं टिकतो. चाल पारंपरिक असली, तिचा कोणी एक कर्ता नसला, तरी ती फुंकणाऱ्याचा हक्क उरतोच. दोन पानांचा मराठी करार झाला: रेकॉर्डिंगमधून येणाऱ्या पैशात निम्मा वाटा वादकांचा, प्रत्येक ठिकाणी नाव, आणि वादक नाही म्हणतील तो तुकडा वापरायचा नाही. काकांनी एक चाल लगेच वगळायला सांगितली. ती होळीचीच आहे, एरवी वाजवायची नाही. सेटमधली सर्वांत लांब सहा मिनिटं त्या चालीवर होती. ती गेली.

मग सेट नव्याने रचला.

सगळ्यात आधी इलेक्ट्रॉनिक किक (यंत्रातला खालच्या ढोलाचा ठोका) काढली. हा निर्णय कागदावर किरकोळ दिसतो, पण सेट सावरला तो त्यानेच. किक आणि ढोल दोघंही 70 ते 90 हर्ट्झच्या जागेत ठोके देत होते आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतके मागेपुढे पडत होते. एका म्यानात दोन तलवारी. ढोल जिवंत असेल तर किकला काम उरत नाही.

बेसची ओळ खालच्या डी वरून उचलून 54 हर्ट्झचा ए आणि 72 हर्ट्झचा डी या दोन सुरांभोवती बांधली. दोन्ही खोक्याच्या पोर्टच्या वर येतात. सिंथचा मूळ सूर 440 वरून 431 वर आणला, म्हणजे तो पावरीच्या 35 सेंटशी जुळला. बेसला थोडं सॅच्युरेशन (मुद्दाम केलेली सौम्य विकृती) दिलं, त्यामुळे 108 आणि 144 च्या आसपासचे वरचे अंश निघतात आणि मागे उभ्या माणसाला टॉपमधूनही बेसचा सूर कळतो. बेस आता सीक्वेन्सरवर, म्हणजे आधी ठरवलेले सूर आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर, नव्हता. निर्माता तो कीबोर्डवर हाताने वाजवणार होता आणि ढोलाच्या जाड बाजूचे ठोके संपल्यावर उरलेल्या जागेत सूर टाकणार होता. तरी टक्कर झालीच तर ढोलाच्या ठोक्याला बेस 4 डेसिबलने दबेल आणि 120 मिलिसेकंदांत परत वर येईल असा कम्प्रेसर लावला.

इकोची गती पायाने. लॅपटॉपमधल्या इकोला टॅप-टेम्पोचं (दाबाल त्या गतीला इको बसवणारं) पायबटण जोडलं आणि भागाकार दोन-तृतीयांश ठोक्याचा ठेवला. दर आठ-दहा आवर्तनांनी चार टॅप द्यायचे. हे न करता इको 370 वरच ठेवला असता तर? ढोल 113 वर गेला की दोन उपठोके 354 मिलिसेकंदांचे होतात. प्रत्येक पुनरावृत्तीला 16 चा फरक, चौथ्या पुनरावृत्तीला 64 चा, आणि तो कोणालाही पाय अडकल्यासारखा ऐकू येतो.

इकोच्या रिटर्नवर (इकोचा आवाज मिक्सरमध्ये परत येणाऱ्या चॅनलवर) 250 हर्ट्झच्या खाली आणि 3000 च्या वर कात्री चालवली. नाहीतर ढोलाचा खालचा गडगडाट प्रत्येक पुनरावृत्तीत साठत जातो आणि वरून घुंगरांची सळसळ पावसासारखी पसरते.

माइकचा त्रास मात्र पूर्ण सुटला नाही. ढोल एवढा जोरात की पावरीच्या माइकमध्ये पावरीपेक्षा ढोलच जास्त. पावरीचा सूर इकोत फेकला की ढोलही सोबत जायचा. शेवटी पावरीवादकाला ढोलापासून 4 मीटर दूर, माइकची पाठ ढोलाकडे येईल असं उभं केलं, माइक पावरीच्या तोंडापासून एक वीत, चॅनलवर 250 ला हाय-पास. हळू आवाज आपोआप बंद करणारा गेट लावून पाहिला, पण तो सुरांचे शेवट खात होता, म्हणून काढला. ढोलाला दोन माइक: जाड बाजूला मोठ्या डायफ्रामचा, पातळ बाजूला साधा डायनॅमिक, आणि दोन्ही वेगळ्या चॅनलवर. हे वेगळेपण पुढे फार कामाला आलं.

चारही बेस-खोकी स्टेजपुढे मध्यभागी एकाला एक चिकटवून ठेवली. शेठला ते पसंत नव्हतं. भिंत दोन्हीकडे असली की गाडी मोठी दिसते, आणि व्हिडिओत ती दिसणं त्याच्या धंद्याचा भाग आहे. त्याला जानेवारीच्या लॉन्सचा नकाशा काढून मेलेल्या जागा दाखवल्या, मग तो तयार झाला.

जागा म्हणून मळा निवडला त्यामागे ध्वनिप्रदूषण नियम, 2000 होते. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 10 नंतर 45 डेसिबल. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा 10 जास्त किंवा 75, यातलं कमी असेल ते. लॉन्स वस्तीला लागून असेल तर दिवसाही 65 मध्ये बसणं आलं, आणि त्यात डब होत नाही. त्यात एक मेख आहे. मीटर ए-वेटिंगवर (खालचे सूर कमी धरणाऱ्या मापावर) मोजतो आणि 63 हर्ट्झचा आवाज सुमारे 26 डेसिबलने कमी दाखवतो. आकडा नियमात बसतो, शेजाऱ्याच्या खिडकीची तावदानं मात्र वाजत राहतात. मळ्यापासून सर्वांत जवळचं घर 400 मीटरवर होतं. वेळ साडेसात ते पावणेदहा ठरली.

कार्यक्रमाची रात्र

दुपारी चारला आवाज तपासताना एक अँप प्रोटेक्टमध्ये गेला (स्वतःला वाचवायला बंद पडला). शेठच्या पोराने दोन डबल-अठरा एकाच चॅनलवर जोडली होती. प्रत्येक खोकं 4 ओहमचं, दोन मिळून 2 ओहम, वर उन्हात ठेवलेला रॅक. एका चॅनलला एकच खोकं जोडून, रॅक ताडपत्रीच्या सावलीत सरकवून आणि मागची जाळी मोकळी करून तो परत उभा केला. त्यासाठी दुसरा अँप लागला, तो गाडीत सुटा पडला होता म्हणून निभावलं.

ढोलाचा सूर तपासणीच्या वेळी 84 हर्ट्झच्या आसपास होता. बेसच्या 72 पासून चांगला लांब. सूर्य मावळला, नदीचा गारवा आला, शेजारच्या उसाला पाणी सोडलेलं. पहिल्या दहा मिनिटांत बेस आणि ढोल एकत्र आले की आवाज हेलकावे खायला लागला. पिठात पाणी जास्त झाल्यासारखा. कातडं ओल धरून सैल पडलं होतं आणि ढोल 74 वर उतरला होता. 72 आणि 74 मिळून सेकंदाला दोन हेलकावे. निर्माता मिक्सरवर इक्वलायझर शोधत असतानाच धाकटा ढोलवादक ढोल घेऊन खाली उतरला. बांधावर पऱ्हाटीचा ढीग होता. त्याने काड्या पेटवल्या, जाळापासून हातभर अंतरावर ढोल धरून हळूहळू फिरवला, बोटाने टिचकी मारून बघितली, पुन्हा फिरवला. चार मिनिटांत तो परत वर होता आणि हेलकावा गेला होता. थोरल्या ढोलानेही नंतर तोच फेरा मारला. त्यापुढे दर पंधरा-वीस मिनिटांनी एक ढोल शेकोटीवर आणि एक स्टेजवर, असं आपोआप ठरून गेलं.

विसाव्या मिनिटाला निर्मात्याने पहिली वजाबाकी केली. या वेळी त्याने ढोलाची फक्त जाड बाजू काढली. पातळ बाजूची काडी चालू राहिली, बेस उघडा पडला आणि पावरीचा एक सूर इकोत गेला. नाचणाऱ्यांचा गोल थांबला नाही. जानेवारीत फसलेली गोष्ट इथे चालली याचं कारण साधं आहे. रेगेवर नाचणारा माणूस बेसवर झुलतो, त्यामुळे बाकी सगळं काढलं तरी त्याचे पाय चालू राहतात. हातात हात घालून गोल फिरणाऱ्या नाचात पाय बांधलेले असतात ते काडीच्या ठोक्याला. काडी गेली की पाऊल कुठे टाकायचं हेच कळत नाही. बेस कितीही दमदार असो.

एकतिसाव्या मिनिटाला गडबड झाली. इकोच्या रिटर्न चॅनलचा स्वतःचा सेंड (आवाज परत इकोकडे पाठवणारं बटण) कोणाच्या तरी मनगटाने उघडला गेला. इको स्वतःलाच खाऊ लागला, दोन-तीन सेकंदांत शिट्टीसारखा चढला आणि मर्यादेपलीकडचा आवाज रोखणाऱ्या लिमिटरने सगळाच आवाज खाली दाबला. घाबरून निर्मात्याने ढोलाचे दोन्ही चॅनल बंद केले. नऊ सेकंद. बाहेरच्या दोन रांगा थांबल्या. आतली रांग मात्र नाचतच राहिली, कारण ढोल समोर प्रत्यक्ष वाजत होता आणि दहा-बारा मीटरपर्यंत त्याला माइकची गरजच नव्हती. थोरल्या ढोलवादकाने मिक्सरकडे एकदा पाहिलं आणि काडी आणखी जोरात मारली. त्यावर आतल्या रांगेने बाहेरच्यांना पुन्हा ओढून घेतलं.

9 वाजून 42 मिनिटांनी शेवटचा इको विझला.

निष्पन्न

310 माणसं 200 रुपये देऊन आली, जमा 62,000. साउंड 24,000, जनरेटर डिझेलसह 11,000, चार वादकांना प्रत्येकी 4,000 प्रमाणे 16,000, जीपचे 5,500. मळा ओळखीचा म्हणून भाडं नाही. हातात 5,500 उरले. निर्मात्याची आणि मित्रांची पाच आठवड्यांची मजुरी त्यात धरलेली नाही, आणि ती धरली तर कार्यक्रम तोट्यात आहे हे स्पष्ट म्हटलेलं बरं.

नाच शेवटपर्यंत टिकला. कुंबियाचा भाग मात्र पडला. त्याचा चार मात्रांचा ठेका सहा मात्रांच्या ढोलाला चिकटेना, वादक त्या सहा मिनिटांत नुसते उभे राहिले आणि लोक पाणी प्यायला गेले. जगभरचे ठेके एका सेटमध्ये आणायची हौस समजण्यासारखी आहे, पण प्रत्येक ठेक्याला स्टेजवर वाजवणारा माणूस नसेल तर तो भाग पाहुण्यासारखा अवघडून बसतो. आफ्रोबीटचं तसं झालं नाही, कारण त्यासाठी पश्चिम आफ्रिकेतला घंटेचा बारा उपठोक्यांचा नमुना घेतला होता. तो ढोलाच्या दोन आवर्तनांवर सहज बसला.

वेगळं काय करता आलं असतं

परवानगी रेकॉर्डिंगच्या वेळीच, होळीच्या रात्री नाहीतर दुसऱ्या सकाळी, घ्यायला हवी होती. तसं झालं असतं तर होळीची चाल सेटचा कणा झालीच नसती आणि पाच आठवड्यांतला एक आठवडा वाचला असता.

आवाजाची तपासणी चारला केली ती चुकीच्या वेळी. कातड्याच्या वाद्यासाठी ती अंधार पडल्यावर, कार्यक्रमाच्या हवेत व्हायला हवी. ते जमत नसेल तर बेसची ओळ दोन सुरांत तयार ठेवावी आणि ढोल जिथे उतरेल त्यानुसार त्यातली एक निवडावी.

इकोच्या रिटर्नचा सेंड फिरू नये म्हणून त्या बटणावर इन्सुलेशन टेप लावायला दोन रुपयेही लागत नाहीत. दुसरं, आणीबाणीत हात ढोलावर जायला नको होता. इकोचा रिटर्न फेडर अगदी कडेच्या चॅनलवर, डोळे मिटून सापडेल असा ठेवला असता तर पहिला हात तिथेच गेला असता.

वादकांशी खुणा ठरलेल्या नव्हत्या. मिक्सरवर बंद केलेला ढोल जिवंत कार्यक्रमात बंद होतच नाही. खरी शांतता हवी असेल तर ती वादकाच्या हातातून यायला हवी. सरावात दोनच खुणा पुरल्या असत्या: मूठ मिटली की फक्त काडी, तळवा उघडला की दोन्ही बाजू.

पावरीवादक काकांना स्टेजवर इको इतका ऐकू येत होता की आपला खरा सूर कोणता हे कळेना. ते हळूहळू मॉनिटरकडे पाठ करून शेकोटीकडे तोंड करत गेले आणि माइक मागे राहिला. शेवटच्या आठ मिनिटांत पावरी जी ऐकू आली ती बहुतेक ढोलाच्या माइकमधून. पुढच्या वेळी त्यांच्या मॉनिटरमध्ये इको अजिबात सोडायचा नाही, असं काकांनी स्वतःच जीपमध्ये बसताना सांगून ठेवलं आहे.